टोपीच्या आतली चिठ्ठी

आज आम्ही तुम्हाला एका हॅटची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या कार्यक्रमात हॅटचं काय काम, असं काही जणींना वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

गेल्या दिवाळीत आमच्या गटातल्या एका मावशींची लेक माहेरपणाला आली. ती अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहते. तिकडे गावोगावी जुन्या वस्तूंची दुकानं असतात. घर रिकामं करताना लोक भांडी, कपडे, खुर्च्या तिथे नेऊन देतात, दुकान त्या स्वस्तात विकतं आणि आलेला पैसा धर्मादाय कामाला लावतं. अशाच एका दुकानातून तिनं करड्या रंगाची, काळ्या रिबिनीची पुरुषाची फेल्टची हॅट घेतली. आपल्या पथनाट्यातल्या साहेबाच्या डोक्यावर शोभेल, एवढाच तिचा विचार. किती जुनी आहे, ते दुकानातल्या बाईंनाही सांगता आलं नव्हतं.

हॅट आली आणि तालमीत फिरू लागली. साहेब होणारी वहिनी ती काढून ठेवायची आणि पोरं लगेच डोक्यावर घालायची. एका धाकट्यानं तर तिची कड चावलीसुद्धा. ते बघून मावशींची लेक एकदम ओरडली. ती राहते तिथून जवळच डॅनबरी नावाचं शहर आहे. एके काळी अमेरिकेतलं टोप्यांचं शहर म्हणून ते प्रसिद्ध होतं. तिथे तिनं ऐकलं होतं, की जुन्या फेल्टच्या हॅट बनवताना पारा वापरत. पारा म्हणजे आपल्या जुन्या थर्मामीटरमधला चकचकीत थेंब, तोच.

मग सगळ्या जणी गोल करून बसलो. प्रश्न सरळ होता, ही हॅट कुठल्या साली बनली? कारण १९४१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हॅटच्या धंद्यातून पारा बंद झाला. हॅट त्याच्या आधीची की नंतरची, एवढं कळलं की पोरांच्या हातून ती काढून घ्यायची की नाही ते ठरणार होतं. खरं तर काढून तेव्हाच घेतली होती. पण जिवाला घोर लागला होता तो वेगळाच.

आधी फेल्ट म्हणजे काय ते सांगतो. लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात धुतला की तो आक्रसतो, घट्ट होतो, आणि पोराच्या मापाचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. तेच फेल्ट. यात सूत कातणं नाही, विणणं नाही. केस ओले करायचे, गरम करायचे, दाबायचे, चोळायचे. केसाला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडचा घोड्याच्या खोगिराखालचा नमदा किंवा बुरणूस याच जातीचा.

चांगल्या हॅटचं फेल्ट लोकरीचं नसे, सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या मऊ केसांचं असे. सशाचे केस गुळगुळीत, सहजी अडकत नाहीत. म्हणून कातड्यावरच्या केसांना नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या पाऱ्याचं पाणी फासत. त्यानं केसांचे खवले उघडत आणि केसांची टोकं नारिंगी होत. त्यामुळे इंग्रजीत त्या कामाला गाजरावरून नाव पडलं होतं. मग ते केस कातड्यावरून उतरवायचे, भोकाभोकांच्या मोठ्या शंकूवर हवेनं ओढून बसवायचे आणि गरम पाण्यानं भिजवायचे. हा पहिला शंकू तयार हॅटच्या दुपटी-तिपटीनं मोठा असतो. तो आक्रसत आक्रसत डोक्याच्या मापाला येतो. पुढे वाफ, साचा, रंग, घासणं. या प्रत्येक पायरीला उष्णता आहे, आणि उष्णता लागली की केसातला पारा हवेत येतो. हिवाळ्यात खिडक्या बंद असत. कामगार तीच हवा दिवसभर छातीत घेत.

पाऱ्यानं काय होतं? हात थरथरतात. आधी बोटं, मग पापण्या, जीभ. सही वेडीवाकडी येते, चहाचा कप उचलताना सांडतो. तोंडाला सतत लाळ सुटते, हिरड्या सुजतात, दात हलतात. आणि माणसाचा स्वभाव बदलतो. तो बुजरा होतो, चारचौघांत जायला घाबरतो, कुणी बघत उभं राहिलं तर त्याला काम सुचत नाही, उगाच चिडतो. डॅनबरीत या थरथरीला ‘डॅनबरीची थरथर’ असंच नाव होतं. इंग्रजीत ‘टोपीवाल्यासारखा वेडा’ अशी म्हण आहे. तिचं मूळ पुष्कळ जण या आजारातच शोधतात. आम्हाला मात्र वेडा हा शब्द खटकला. घाबरलेल्या आजारी माणसाला वेडा म्हणून मोकळं होणं सगळीकडेच सोपं असतं.

हा आजार कुणाला ठाऊक नव्हता असंही नाही. न्यू जर्सी राज्यातल्या एका डॉक्टरानं १८६० सालीच टोपीकामगारांच्या पाऱ्याच्या आजारावर लिहून ठेवलं होतं. विसाव्या शतकात ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाई शिसं, पारा असल्या विषांच्या मागे कारखान्या-कारखान्यांतून हिंडल्या. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठानं नेमलेल्या त्या पहिल्या बाई प्राध्यापक. टोपीकामगारांच्या आजाराचाही त्यांनी पाठपुरावा केला. तरी १८६० ते १९४१ म्हणजे ऐंशी वर्षं गेली. शेवटी बंदी आली तीसुद्धा महायुद्ध पेटल्यावर, जेव्हा दारूगोळ्याच्या स्फोटकांसाठी पारा हवा होता आणि टोपीसाठी पाऱ्याऐवजी दुसरी रसायनं हाताशी आली होती. कामगारांची कीव आधी आली की पाऱ्याची टंचाई, ते तुम्हीच ठरवा.

आता आमच्या हॅटकडे येऊ.

बाहेरून हॅट फार काही सांगत नाही. कड अडीच इंच रुंद. मावशींच्या लेकीनं जुने फोटो दाखवले. १९४० च्या सुमाराला पुरुषांच्या हॅटची कड रुंद असे, १९६० च्या सुमाराला ती अगदी अरुंद झाली. म्हणजे आमची हॅट जुनीच. पण फॅशनवरून साल ठरवणं हा अंदाज झाला. आपल्याकडेही नऊवारी नेसलेली बाई दिसली म्हणून फोटो शंभर वर्षांपूर्वीचा ठरत नाही.

खरी माहिती आत असते. हॅटच्या आतून कपाळाला टेकणारी कातड्याची पट्टी असते, घाम टिपायला. ती खाली दुमडून बघायची. दुमडली तर मागच्या बाजूला दोन कागद निघाले. एक मापाचा, त्यावर ७ १/४ असा आकडा. एवढंसं डोकं कुणाचं, म्हणून हसलो. पण आमच्या शिलाईवाल्या ताईंनी टेप लावून आतला घेर मोजला, तो भरला अठ्ठावन्न सेंटिमीटर, म्हणजे पावणेतेवीस इंच. त्याला बावीस सप्तमांशानं भागलं की सव्वासातच येतात. डोकं गोल आहे असं धरून त्याची रुंदी लिहायची तिकडची पद्धत.

दुसरा कागद टाक्यांनी शिवलेला होता. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची कड, आणि त्यावर लांबलचक नाव – युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स इंटरनॅशनल युनियन. ही युनियनची चिठ्ठी. ही हॅट युनियनच्या कारखान्यात, ठरलेल्या मजुरीवर बनली, याची ती खूण.

या चिठ्ठीपायी डॅनबरीत काय झालं ते ऐका, मग आपण सालाकडे वळू.

टोपीकामगारांची युनायटेड हॅटर्स ही युनियन १८९६ साली झाली. तिचं मोठं हत्यार म्हणजे ही चिठ्ठी. कामगारांची कुटुंबं दुकानात हॅट घेताना पट्टी दुमडून बघत. चिठ्ठी नसेल तर हॅट परत ठेवत. कामगारांच्या घरच्या बायकांनी तर चिठ्ठी बघूनच खरेदी करायची म्हणून मंडळं काढली होती, कारण बाजारहाटाचा पैसा त्यांच्या हातात असे. आणि ही चिठ्ठी, कातडी पट्टी, अस्तर, रिबीन हॅटला शिवायचं कामही बायकांचंच होतं. फेल्ट पुरुष बनवत, सजवणं-शिवणं बायका करत. त्या बायकांच्याही युनियन होत्या. मेलिंडा स्कॉट ही अशीच हॅट शिवणारी कामगार. पुढे ती इतर कामगार बायकांना संघटित करत हिंडली.

डॅनबरीत डी. ई. लोवे नावाचा कारखानदार होता. त्याला युनियन नको होती. १९०२ साली त्याच्याकडचे कामगार संपावर गेले. त्यानं दुसरी माणसं घेऊन कारखाना चालू ठेवला. मग युनियननं देशभर सांगितलं, लोवेची हॅट घेऊ नका, आणि ती ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडूनही घेऊ नका. त्याचा माल दूरदूरच्या राज्यांत जायचा. विक्री बसली.

लोवे कोर्टात गेला. त्यानं नुसत्या युनियनवर दावा लावला नाही. डॅनबरी आणि आसपासच्या दोनशेहून जास्त साध्या सभासदांवर, एकेकाच्या नावानं, दावा लावला. त्यांच्या घरांवर आणि बँकेतल्या बचतीवर जप्ती आणली. ही १९०३ सालची गोष्ट. त्यांतले बरेच जण उतारवयाचे, आयुष्यभर वाफेत उभं राहून एक घर बांधलेले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा बहिष्कार म्हणजे व्यापारात अडथळा आहे. ज्या कायद्याखाली हे ठरलं तो १८९० सालचा, आणि बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीला लगाम घालायला केलेला. त्या कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई होती. १९१५ साली शेवटचा निकाल लागला तेव्हा रक्कम सुमारे अडीच लाख डॉलरवर गेली होती. आम्ही बहिष्कार घातला नाही, तो पुढाऱ्यांनी घातला, असं सभासद म्हणाले. न्यायालयाचं म्हणणं असं, की पुढारी काय करत होते ते तुम्हाला कळायला हवं होतं, आणि ते कळूनही तुम्ही वर्गणी भरत राहिलात. म्हणजे तुम्हीही जबाबदार.

इथे आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्या कर्जाच्या कागदावर दहा जणींच्या सह्या असतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नवांनी भरायचा, हे आम्ही मान्य करूनच सही करतो. पण सही करणं वेगळं आणि नुसती वर्गणी भरली म्हणून राहतं घर अडकणं वेगळं. त्या घरांतल्या बायकांनी ती चौदा वर्षं कशी काढली असतील? घर आपलं, चूल आपली, आणि कागदावर मात्र जप्ती. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, “त्यांना घर सोडावं लागलं का?”

नाही लागलं. अमेरिकेतल्या कामगार महासंघानं २७ जानेवारी १९१६ हा टोपीकामगारांचा दिवस म्हणून ठरवला आणि सांगितलं, की देशभरातल्या प्रत्येक सभासदानं त्या दिवसाची एका तासाची मजुरी डॅनबरीसाठी द्यावी. सुतार, गवंडी, विणकर, छापखान्यातले कामगार, ज्यांनी डॅनबरी कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी दिली. १९१७ मध्ये सुमारे २ लाख ३४ हजार डॉलरवर तडजोड झाली आणि घरांचा लिलाव टळला. खटला हरले ते हरलेच, पण घरं राहिली.

आता सालाचा हिशेब. आमच्या चिठ्ठीवरचं नाव नुसतं युनायटेड हॅटर्स नाही, त्यापुढे कॅप आणि मिलिनरी असं आहे. मिलिनरी म्हणजे बायकांच्या हॅटचा धंदा. या दोन युनियन १९३४ साली एक झाल्या, तेव्हा हे लांब नाव आलं. म्हणजे हॅट १९३४ च्या आधीची नाही. नंतरची किती? हे नाव १९८० च्या पुढेपर्यंत चाललं. मधली जवळपास पन्नास वर्षं, आणि नेमकं १९४१ त्यांच्या पोटात. मावशींची लेक तिथे हिरमुसली.

मग ती म्हणाली, निळा गरुड शोधा. मंदीच्या काळात अमेरिकी सरकारनं वाजवी मजुरी देणाऱ्यांच्या मालाला निळ्या गरुडाचं चिन्ह दिलं होतं, तेही १९३३ ते १९३५ एवढंच. गरुड काही सापडला नाही. नाही सापडला ते बरंच झालं, कारण सापडला असता तर हॅट पाऱ्याच्या काळातली ठरली असती.

शेवटी उत्तर मिळालं ते कातडी पट्टीवर. तिच्यावर दुकानाचं नाव-पत्ता सोनेरी अक्षरांत उमटवलेला होता, अर्धा घामानं पुसलेला. भिंग लावून आमच्या अंगणवाडी ताईंनी अक्षर न् अक्षर लावलं. नाव लागलं नाही. पण शेवट लागला, ‘न्यूयॉर्क १८’.

हे अठरा काय? आपल्याकडच्या वयस्कर बायांना चटकन कळेल. जुन्या मासिकांवर ‘पुणे ३०’, ‘मुंबई ४’ असे पत्ते असत. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिन कोड आला आणि पुणे ३० चं ४११०३० झालं. अमेरिकेतही तसंच. मोठ्या शहरांना टपालाचे असे आकडे १९४३ साली मिळाले आणि १ जुलै १९६३ पासून पाच आकडी कोड आला. न्यूयॉर्क १८ चं १००१८ झालं. त्या भागात कपड्यांचा आणि टोप्यांचा मोठा धंदा होता. म्हणजे पट्टी १९४३ च्या नंतरची, आणि बहुधा १९६३ च्या आधीची. कडेची रुंदी बघता आम्ही या वीस वर्षांतलीही अलीकडची टोक सोडून सुरुवातीची धरतो.

एवढ्यावर आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात शिलाईवाल्या ताई म्हणाल्या, “थांबा. पट्टी नंतरची असली म्हणजे हॅट नंतरची असं कुठंय? मी किती शर्टांच्या कॉलर बदलून देते.” खरंच होतं. घामानं खराब झालेली पट्टी काढून नवी लावता येते. ताईंनी हॅट उजेडाला धरली आणि पट्टीच्या शिवणीवरून बोट फिरवत गोल फिरल्या. पट्टी उसवून पुन्हा शिवली असती तर फेल्टवर सुईची जुनी भोकं दिसली असती, नव्या टाक्यांच्या शेजारी. तशी दिसली नाहीत. एकच ओळ, एकसारखे टाके, आणि दोराही सगळीकडे सारखाच विटलेला. पहिल्यांदा जिनं ही पट्टी शिवली तिच्यानंतर कुणी ती उसवली नव्हती.

तुमच्या घरच्या ट्रंकेतही असं शोधता येईल. साडीच्या खोक्यावर, सुटाच्या कोटाच्या आत, शिवणयंत्राच्या कागदावर दुकानाचा पत्ता असतो. सहा आकडी पिन कोड असला तर वस्तू १९७२ नंतरची. नुसता मुंबई २ असला तर बहुधा आधीची, पण तेवढ्यावर खात्री धरू नका, कारण जुनी खोकी आणि जुनी लेबलं दुकानदार संपेपर्यंत वापरतो. आणि वस्तू खोक्यापेक्षा वेगळी असू शकते. खोक्यावर विश्वास ठेवण्याआधी शिवण बघा.

हॅट पाऱ्याच्या बंदीनंतरची निघाली. तरी फेल्ट आधी बनवून ठेवलं असेल आणि हॅट नंतर शिवली असेल, अशी बारीकशी शंका राहते. म्हणून आम्ही ती पोरांच्या हाती देत नाही. जुन्या फेल्टला हात लावला तर हात साबणानं धुतो, झटकताना दारात जाऊन झटकतो. ज्यानं कड चावली होती त्याला आम्ही सरकारी दवाखान्यात नेऊन आणला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि काळजीचं कारण नाही म्हणाल्या. पारा भोगला तो बनवणाऱ्यांनी, घालणाऱ्यांनी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. डॅनबरीचे कारखाने कधीच बंद झाले, पण तिथल्या स्टिल नदीच्या गाळात तो पारा अजून सापडतो.

पथनाट्यातल्या साहेबाला आता पुठ्ठ्याची हॅट केली आहे, काळा रंग देऊन. खरी हॅट गटाच्या कपाटात कापडी पिशवीत आहे. युनियनची चिठ्ठी होती तिथेच ठेवून आम्ही पट्टी पुन्हा आत वळवली, आणि पिशवीत आमचीही एक चिठ्ठी टाकली – हॅट कुठून आली, साल कसं काढलं, आणि शिवण कुणी तपासली. खाली दहा जणींच्या सह्या आहेत.